आईच्या मापाचं स्टूल

कारखान्याच्या दाराशी चपला काढायची सवय माझ्या पायांना अजून आहे. आत आता काहीच उरलं नव्हतं. चोवीस लूम गेले होते. ते जिथे रोवलेले होते तिथे जमिनीत चौकोनी खड्डे आणि गंजलेले बोल्ट तेवढे दिसत होते. एवढ्या ओक्याबोक्या जागेत मी चपला घालून फिरले असते तरी कुणी हटकणार नव्हतं. तरी मी त्या उंबऱ्याबाहेर काढल्या, एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि आत आले. जमीन गार होती, वर्षानुवर्षांच्या तेलानं गुळगुळीत झालेली.

हमीदाखालाचा आठवड्यापूर्वी फोन आला होता. "कारखाना खाली हो रहा है बेटा. गोडाऊन बनेगा. तेरी माँ का स्टूल पड़ा है, आके ले जा, नहीं तो भंगारवाला उठाएगा." खाला आणि माझी आई वीस वर्षं एकाच मशीनवर शेजारी शेजारी बसून कांड्या भरत होत्या. कांडी म्हणजे वीतभर लांब दांडी. तिच्यावर सूत गुंडाळायचं, मग ती धोट्यात बसते आणि तो धोटा लूमवर इकडून तिकडे पळत कापड विणतो. भिवंडीत कापड सगळ्यांना दिसतं, कांडी कुणाला दिसत नाही. ते मशीन मात्र अजून कोपऱ्यात होतं. तेही संध्याकाळी जाणार होतं.

आई जाऊन आठ महिने झाले. मी रडलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी त्याला धीर म्हणालं, कुणी शिकलेल्या पोरी अशाच असतात म्हणालं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी दीडशे माणसांच्या जेवणाकडे जातीनं बघितलं, पत्रावळी कमी पडू दिल्या नाहीत, आणि लोक माझ्याकडे बघून डोळे पुसत होते तेव्हा मी त्यांना पाणी देत होते. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग ओठाला हात लावला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. तसं माझं आठ महिने चाललं आहे. दुखत नाही, पण माझं काही मला लागतच नाही.

स्टुलाचं मात्र मनात राहिलं होतं. मी पुण्यात एका डिझाइन कॉलेजात शिकवते. वस्तू माणसाभोवती कशी घडवायची, हा माझा विषय. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला मी एक फोटो दाखवते: कांडीच्या मशीनसमोर लाकडी स्टुलावर बसलेली माझी आई, पाठमोरी, पाठ सरळ. "ही पाठ बघा," असं म्हणत मी त्या पाठीवरून बोट फिरवते. शेवटच्या वर्षाला असताना मी ते स्टूल तिच्यासाठी केलं होतं. मी आईसाठी आयुष्यात केलेली धड अशी ती एकच वस्तू. त्याचा तिला उपयोग झाला का, हे ती होती तोवर मी कधी विचारलं नाही. उत्तर माहीत आहे असंच धरून चालले होते. ती गेल्यावर तोच प्रश्न सकाळी उठल्या उठल्या समोर येऊन बसायला लागला. खालाला तेवढंच विचारायचं म्हणून मी पुण्याहून आले. जुनी वही आणि मेजरिंग टेप बरोबर घेतली, कारण मास्तरकीची खोड जित्याची.

स्टूल मशीनच्या बाजूला होतं. बसायची फळी आईच्या अंगाखाली घासून तुळतुळीत झाली होती. म्हणजे बसत होती. खाला चहा सांगायला समोरच्या टपरीवर गेली आणि मी स्टुलाकडे बघत उभी राहिले. ते मला बुटकं वाटलं. लहानपणीच्या जागा मोठेपणी लहान वाटतात म्हणतात, पण हे काही लहानपणीचं नव्हतं. मी ते बावीस वर्षांची असताना केलं होतं आणि तेव्हापासून माझी उंची वाढलेली नाही.

आमचं घर निजामपुऱ्याच्या मागच्या गल्लीत होतं. तीन बाजूंना कारखाने. लूमचा खडखडाट आम्हाला ऐकूच यायचा नाही, इतका तो कायमचा होता. तो पाण्यात दिसायचा. स्टीलचा पेला भरून ठेवला की पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं थरथरत राहायची. आमच्याकडे आलेले पाहुणे मोठ्यानं बोलायचे, आम्ही मात्र हळू बोलून एकमेकांच्या ओठांवरून समजून घ्यायचो. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी पेल्यातलं पाणी स्वस्थ असायचं, कावळे ऐकू यायचे आणि मला उगाच भीती वाटायची.

आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिचे केस पांढरे झालेले असायचे. सुताची भुरी. ती दारातच पदर झटकायची, मग चेहरा धुवायची, मग कोनाड्यातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायची. मशीनच्या तेलाचा, ओल्या सुताचा आणि त्या उदबत्तीचा मिळून एक वास होता. तो वास म्हणजे आई आली. बाबा मी चौथीत असताना गेले, त्यांचा वास मला आठवत नाही.

कधी कधी शुक्रवारी ती मला वज्रेश्वरीला न्यायची. एसटीनं जायचं, देवळाच्या पायऱ्या टाळून सरळ गरम पाण्याच्या कुंडाकडे. "देवीचं देवीला, पान्याचं आपल्याला," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. पाण्याला गंधकाचा वास. ती साडी पोटरीपर्यंत वर घेऊन काठावर बसायची आणि पाय पाण्यात सोडायची. तिच्या टाचा फुटलेल्या होत्या. दिवसभर त्या तेलकट जमिनीवर अनवाणी. चपला घातल्या तर तेलावरून पाय सरकतो, म्हणून आत कुणीच घालायचं नाही. भेगांमध्ये काळी रेघ भरलेली असायची, ती कितीही घासली तरी जायची नाही. कुंडाजवळ दुसरी कुणी बाई येऊन बसली की आई पाय पाण्याखाली ओढून घ्यायची. मी एकदा बोट दाखवून, "आई, तुझ्या पायाला नकाशा आहे," असं मोठ्यानं म्हणाले तेव्हा तिनं मला चिमटा काढला होता. तो अजून आठवतो.

मी डिझाइनला गेले तेव्हा आईनं सगळ्या गल्लीत सांगितलं की पोरगी साड्यांच्या काठाचं डिझाइन शिकायला गेली. मी समजावलं की काठाचं नाही, वस्तूंचं. "म्हंजे? वस्तूवर फुलं काढायची?" नाही, वस्तूच करायची, माणसाला बरी पडेल अशी. आईनं थोडा विचार केला. "मंग सुतार काय करतो?" असं तिनं विचारलं. 

त्या दिवसांचा वास वेगळा होता. फोम घासल्याची पिवळी पूड, सरस, नवा पुठ्ठा, कटरच्या पात्याचं तेल. पहिल्या वर्षी आम्हाला हातमोज्यांत कापूस भरून शर्टाची बटणं लावायला लावली, म्हाताऱ्या बोटांना कसं होतं ते कळावं म्हणून. चष्म्याच्या काचेला व्हॅसलीन फासून जिना उतरायला लावला. एकदा चार तास नुसतं रेशनच्या रांगेत उभं राहून लोक पिशव्या कशा धरतात ते लिहून आणायचं होतं. मला बघून रांगेतली एक बाई म्हणाली, "तुला न्हाय का गं घरी काम?" मला ते सगळं फार आवडायचं. आमच्या मॅडम बारीक चणीच्या होत्या, कायम कॉटनची साडी, कानामागे पेन्सिल. त्या म्हणायच्या, "ज्याच्यासाठी करताय त्याच्याजवळ जाऊन बसा. विचारू नका, बघा. माणूस तोंडानं खोटं बोलतो, हातापायांनी बोलत नाही." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याला चौकट केली होती.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक माणूस निवडायचा होता. मैत्रिणींनी पोस्टमन निवडला, भाजीवाला निवडला, नर्स निवडली. मी आईला निवडलं. थोडा आळस होता त्यात, हे कबूल करते. घरी राहायला मिळणार होतं, आईच्या हातची सुकटीची चटणी मिळणार होती.

दोन आठवडे मी या कारखान्यात वही घेऊन बसले. आई तेव्हा गोणपाटात टाकाऊ सूत भरून केलेल्या गादीवर बसायची, डावा पाय मुडपून, उजवा गुडघा उभा. समोर मशीनच्या चात्या फिरताहेत, त्यांवर बसवलेल्या कांड्या भरताहेत. ती बघायचीच नाही. कांडी भरत आली की तिचा आवाज जाड होतो, म्हणे. मला खडखडाटाशिवाय काही ऐकू यायचं नाही. आईचा हात मात्र बरोबर त्या कांडीवर जायचा, भरलेली काढायचा, रिकामी बसवायचा, तोडलेला धागा बोटावर चिकटलेला असायचा तो पदराला पुसायचा. शेजारी खाला तसंच करत असायची. सकाळी आली की खाला म्हणायची, "जयभीम कमल," आणि आई म्हणायची, "सलाम हमीदा." मग दिवसभर दोघी खुणांनी गप्पा मारायच्या. आई पाठ वाकवून बसते, तासातून सात-आठ वेळा कमरेवर हात ठेवते, हे मी लिहिलं. तिला उंचावर बसवायचं, पाठ सरळ ठेवायची, असं ठरलं.

मापं एका शुक्रवारी घेतली. मी आईला सांगितलं होतं की दहा वाजता मापं घ्यायचीत. तर ती डोक्यावरून न्हाली होती, इस्त्रीची निळी साडी नेसली होती, केसांना तेल, आणि पायांत टाचेच्या नव्या चपला. माझ्या कॉलेजात यायला लागेल म्हणून घेतलेल्या. घरात, फरशीवर, चपला घालून खुर्चीवर बसलेली, पाठ ताठ. फोटोच्या दुकानात बसतात तशी.

"आई, चपला काढ ना. पायाची उंची मोजायचीय."

"फोटू काढणार हायेस न्हाय का?"

"काढणारे. पण मापाचा आहे तो. कुणी चेहरा बघत नाही."

"चेहरा न्हाय गं." तिनं पाय साडीखाली ओढून घेतले. "तुझ्या मॅडम बघतील. भेगा हायेत."

मला हसू आलं, आणि थोडी चीडही आली, कारण उजेड जाईल म्हणून मला घाई होती. "बरं, राहू दे. मी नंतर वजा करते," असं मी म्हणाले. मग तिच्या अंगाची सगळी मापं घेतली. बसून डोक्यापर्यंत. बसून कोपरापर्यंत. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मुठीचा घेर. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत. लहानपणी ती माझ्या फ्रॉकसाठी मापं घ्यायची तेव्हा मी हलायचे. ती हलली नाही. टेप थंड लागली की नुसती डोळे मिटायची. तिच्या अंगाला मी इतका वेळ हात लावलेला तो शेवटचा दिवस असेल, पुढं दवाखान्यातले सोडले तर.

मग पुठ्ठ्याचं मॉडेल घरीच केलं. सगळं घर कातरणांनी भरलं. पुठ्ठ्याचे पाय सारखेच दिसायचे पण सारखे नव्हते, म्हणून मी प्रत्येकावर आणि तो जिथे बसायचा तिथे मार्करनं टिपके दिले. एक टिपका, दोन, तीन, चार. आई भाकरी थापता थापता बघत होती. "ह्ये टिपके कशाला?"

"कुठला पाय कुठे बसतो ते कळावं म्हणून. एकाला एक, दोनाला दोन. आमच्यात असंच करतात."

"बरं हाय," असं आई म्हणाली आणि भाकरी उलटवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण मोजता येत होतं. तेव्हा मला वाटलं, ती नुसतं बोलायचं म्हणून बोलतेय.

लाकडाचं स्टूल झालं. मी ते कारखान्यात आणलं तेव्हा लूमवरचे कारीगरसुद्धा एक मिनिट येऊन बघून गेले. आई बसली. तिची पाठ सरळ झाली, खरंच झाली. मी मागून फोटो काढला. "कसं वाटतंय?" असं मी खुणेनं विचारलं. "लय बेस हाय," असं ती ओठांनी म्हणाली.

कॉलेजात परीक्षेच्या दिवशी मॅडमनी ज्याच्यासाठी केलं त्या माणसालाच घेऊन या, असं सांगितलं होतं. आई आली, निळी साडी, टाचेच्या चपला. बाहेरून आलेले परीक्षक चांगले होते. त्यांनी आईला नमस्कार केला, स्टुलावर बसायला सांगितलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून तिचे पाय जमिनीला नीट टेकलेत का ते पाहिलं. नीट टेकले होते. मग त्यांनी विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?" आईनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. "माझ्या पोरीनी केलंय," असं ती म्हणाली. एवढंच. टाळ्या वाजल्या. माझा पहिला नंबर आला. आईनं कॅन्टीनमध्ये दोन सामोसे खाल्ले आणि एक हमीदासाठी रुमालात बांधून घेतला.

त्यानंतर मी पुण्याला नोकरीला लागले. वर्षातून दोनदा भिवंडीला यायचे. एसटीतून उतरले की फोन करून सरळ कारखान्यात जायचे, कारण आई तिथेच असायची. या उंबऱ्यावर चपला काढून उभी राहायचे आणि ती मला बघायची. हसायची. पण उठायची नाही. एकदाही नाही. "ये, इकडं ये," अशी हातानं खूण करायची आणि जागेवरच बसून राहायची. खाला उठून यायची, मला मिठी मारायची, माझ्या गालाला तेलकट हात लावायची. सख्खी आई मात्र स्टुलावर. मी जवळ जाऊन वाकून तिच्या डोक्यावर तोंड टेकवायचे, तिच्या केसांतली भुरी माझ्या नाकात जायची आणि मला शिंक यायची. ती म्हणायची, "घरी जा, चावी हमीदाकडं हाय, मी येते." मी निघाले तरी उठायची नाही.

मला ते लागलं होतं. तेव्हा लागत असे अजून. होस्टेलमधल्या मैत्रिणींच्या आया फाटकापर्यंत येऊन उभ्या असायच्या. माझ्या आईला मशीनपुढून हलवत नव्हतं. पुढं पुढं मी कारखान्यात जायचंच बंद केलं. सरळ घरी जाऊन कुलूप उघडायचे आणि चहा करून ठेवायचे. आईनं त्याबद्दल काही विचारलं नाही.  आमच्यात अशा बऱ्याच गोष्टी जागच्या जागी राहिल्या.

खाला चहा घेऊन आली तेव्हा मी जमिनीवर बसून स्टुलाला टेप लावत होते. बसायच्या फळीपर्यंत अडतीस सेंटिमीटर. वहीत माझ्याच अक्षरात बेचाळीस लिहिलेलं होतं. मी पुन्हा मोजलं. लाकूड आटतं, पण चार सेंटिमीटर आटत नाही. स्टूल उलटं करून बघितलं तर पायांची खालची टोकं करवतीनं कापलेली, थोडी तिरकी.

"खाला, ये किसने काटा?"

खाला माझ्यासमोर फरशीवर बसली. तिला आता बसायला वेळ लागतो. "मेरे को लगा तेरे को मालूम होगा. तू तो यही पढ़ाती है ना बच्चों को?"

"किसने काटा?"

"कमल ने. तेरे कॉलेज से वापस आया, उसके चौथे दिन. तीन दिन बैठी उसपे. पाँव नीचे नहीं लगते थे, लटकते थे. बोली, हमीदा, माझे पाय मुके होतात. शाम को उतरती तो खड़ी नहीं हो पाती थी, मशीन पकड़ के खड़ी रहती. मैं बोली, बच्ची को बोल दे, वो ठीक करके देगी. तो बोली, न्हाय." इथे खालानं आईसारखी मान हलवली. "बोली, तिचा नंबर आलाय. मॅडमनी बघितलंय. आता चूक निघाली तर पोरीची मान खाली जाईल. फिर बाजू के सुतार के पास ले गई. खुद सामने बैठी, इतना काट बोली, बस इतना. उसके बाद बारा साल बैठी उसपे. आराम से बैठी. गोनी पे वापस कभी नहीं बैठी."

मला पाहिजे होतं ते उत्तर हेच होतं. बसत होती. उपयोग झाला होता. मी चहाचा घोट घेतला, तो फार गोड होता.

खाला मात्र थांबली नव्हती. तिनं मशीनखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. त्यात मोडक्या कांड्या होत्या, कात्री होती, आईची फणी होती, आणि एका फडक्यात बांधलेले लाकडाचे चार तुकडे. चार-चार सेंटिमीटरचे. प्रत्येकावर मार्करनं टिपके दिलेले. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तीन, चार. मी स्टूल आणखी जवळ ओढून पायांची टोकं बघितली. तिथेही होते, तेलानं पुसट झालेले.

"फेंकने नहीं दिए उसने," असं खाला म्हणाली. "एसटी से उतर के तेरा फोन आता था ना, कि आ रही हूँ? फोन रखते ही ये निकालती थी. मैं स्टूल उठाके पकड़ती, वो नीचे टुकड़े लगाती, टिपका मिला मिला के. फिर चढ़के बैठ जाती. तू देखे तो जैसा बनाया था वैसा ही दिखना चाहिए. और मेरे को बोलती, हमीदा, ती आली की तू उठ, तिला जवल घे. मला हलता येनार न्हाय."

"का? हलता क्यूँ नहीं आता?"

"उठती तो गिर जाता ना पूरा. न कील, न गोंद. ऐसे ही रखे थे."

बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो येऊन लागला होता, त्याची माणसं दारातून डोकावत होती. खाला त्यांना, "रुको, अभी रुको," असं म्हणाली. मी तुकडे हातात घेऊन बसले होते. मी ज्या ज्या वेळी त्या उंबऱ्यावर उभी राहिले, त्या त्या वेळी आई चार सुट्या तुकड्यांवर पाय लटकत ठेवून श्वास धरून बसलेली होती. मी तिच्या डोक्यावर तोंड टेकवायला वाकायचे तेव्हाही. आणि मी मनात म्हणत होते, सख्खी आई आणि उठत नाही.

मोबाइलमध्ये तो फोटो होताच. पाठ सरळ आहे. खाली, साडीच्या काठाखाली, तिच्या दोन्ही टाचा जमिनीपासून वर आहेत आणि अंगठे जमीन शोधताहेत. भेगासुद्धा दिसतात. मी हा फोटो किती मुलांना दाखवला, आणि दर वेळी त्यांचं लक्ष पाठीकडेच वळवलं. मीही इतकी वर्षं पायांकडे बघितलं नव्हतं.

"रो ले बेटा," असं खाला म्हणाली. मला रडू आलं नाही. पण पाय गार पडले होते ते मला लागत होतं, फरशीचा गारठा टाचेतून वर चढत होता, आणि मला आईचं फार वाईट वाटलं. स्वतःचं नाही, तिचं. उठावंसं वाटत असताना बसून राहिली त्याचं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं आणि ते एवढंच होतं.

मी स्टुलावर बसले. माझे गुडघे वर आले, कारण ते माझ्या मापाचं नव्हतं. समोर चात्या थांबलेल्या होत्या. मांडीवर वही उघडी होती, मापांचं पान. सगळे आकडे नीट एकाखाली एक. गुडघ्याच्या खळगीपासून जमिनीपर्यंत: बेचाळीस. त्याच्यापुढे समासात, घाईघाईत, पेन्सिलनं: चप्पल चार, नंतर वजा करणे.

खालाकडे पेन नव्हतं. टेम्पोवाल्याकडून मागून घेतलं. बेचाळीसखाली चार लिहिले, रेघ ओढली आणि वजाबाकी केली. अडतीस आले.